केबलची वर्गणी आणि ओटीटीची वर्गणी : एक घरगुती हिशेब

आपले पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तेव्हापासून आजतागायत येथील शेतांच्या जागी ज्या उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यांत राहावयास आलेली कुटुंबे कोणी खानदेशातील, कोणी मराठवाड्यातील, कोणी विदर्भातील, तर कोणी परप्रांतांतील आहेत. कोणाची आई हिंजवडीस संगणकाच्या कचेरीत जाते, कोणाचे वडील चाकणच्या कारखान्यात पाळीवर जातात. अशा कुटुंबाचे सामान नव्या घरात लागले, की पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न हमखास उपस्थित होतात. दुधाचा रतीब कोणाकडे लावावयाचा हा एक, आणि टीव्हीचे काय करावयाचे हा दुसरा. पहिल्याचा निकाल शेजारी लावून देतात. दुसऱ्याचा निकाल घरातील मुले लावतात, आणि त्यांचे उत्तर बहुधा ठरलेले असते : "केबल नको, ओटीटी घेऊ. ते स्वस्त पडते."

हे वाक्य कितपत खरे आहे, हे आपण या लेखात आकडे मांडून पाहणार आहोत. विद्यार्थी मित्रांनी हाताशी कागद व पेन्सिल घ्यावी. यातील गणित साध्या गुणाकाराच्या व शेकडेवारीच्या पलीकडे जाणारे नाही. परंतु ते कोणी मांडीत नाही, एवढीच अडचण आहे. पालकांसही विनंती, की त्यांनी आमच्या आकड्यांच्या जागी आपल्या घरचे आकडे घालून पाहावेत. कारण दर वरचेवर बदलतात. येथे दिलेले ओटीटीचे दर २०२५ सालचे आहेत.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. केबल म्हणजे गल्लीतील चालकाने तारेतून घरोघर पोहोचविलेल्या वाहिन्या. डीटीएच म्हणजे त्याच वाहिन्या उपग्रहावरून थेट आपल्या छत्रीत उतरवून घेणे. या दोहोंत वाहिनी जे दाखवील तेच, ती दाखवील त्याच वेळी पाहावयाचे असते. ओटीटी किंवा स्ट्रीमिंग म्हणजे इंटरनेटच्या वाटेने, आपण मागू ते चित्र, आपण मागू त्या वेळी घरी आणणे. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार, झी५, सोनीलिव्ह ही त्यांतील परिचित नावे होत.

आता "ओटीटी स्वस्त पडते" हे वाक्य आले कोठून, ते पाहू. ते मूळचे अमेरिकेतील आहे व तेथे ते खरेही होते. त्या देशात केबलचे मासिक बिल एका कुटुंबास सत्तर-ऐंशी डॉलर, कित्येकदा त्याहूनही अधिक येत असे. नेटफ्लिक्सने २००७ साली इंटरनेटवरून चित्रपट दाखविण्यास आरंभ केला आणि २०१० साली केवळ या सेवेची वर्गणी महिना ७ डॉलर ९९ सेंट ठेवली. ज्याने केबल तोडून ही वर्गणी घेतली, त्याची मोठीच बचत झाली. घरात इंटरनेट तर त्याच्यापाशी आधीपासून होतेच. ही हकीकत वर्तमानपत्रांतून व समाजमाध्यमांतून आपल्याकडे आली, आणि तेथील निष्कर्ष आपण येथील आकडे न पाहताच उचलला. आपल्याकडील केबल मुळातच इतकी स्वस्त आहे, की ती तोडल्याने वाचावयाचे तरी किती, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे या करमणुकीचा पैसा कोणकोणत्या वाटांनी गेला, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. दिल्लीस दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले, मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुण्याकडील घरांस चित्र मिळाले ते सिंहगडावरील मनोऱ्यामुळे. त्या काळी संच बाळगणाऱ्यास परवाना काढावा लागे. टीव्हीच्या परवान्याची फी वर्षास ५० रुपये होती व ती टपाल कचेरीत भरावयाची असे. रेडिओचा परवानाही असाच होता. आजच्या मुलांस हे सांगितले तर ती हसतात. परंतु आजोबांच्या जुन्या कागदपत्रांत शोध घेतल्यास तिकिटे चिकटवलेले परवान्याचे पुस्तक अद्यापि सापडण्याचा संभव आहे. १९८० नंतरच्या दशकात हे परवाने बंद झाले आणि मग काही वर्षे गच्चीवर ॲल्युमिनियमची काडी लावली की चित्र फुकट, असा काळ होता.

१९९१ साली आखाती युद्धाच्या वेळी उपग्रहावरून येणाऱ्या परदेशी वाहिन्यांची गोडी शहरांस लागली. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. एका गच्चीवर मोठी छत्री लावून तेथून या इमारतीवरून त्या इमारतीवर तारा टाकणारा केबलवाला याच काळात उदयास आला. त्याच्या धंद्यास कायद्याचे रूप १९९५ साली मिळाले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो दारी येई, एक ठोक रक्कम सांगे व ती आपण देत असू. त्यांत कोणत्या वाहिनीचे किती, कराचे किती, त्याच्या मेहनतीचे किती, हे ना त्यास ठाऊक, ना आपणांस. पुढे सरकारने सेट टॉप बॉक्स सक्तीचा केला. मुंबईसारख्या महानगरांत २०१२ च्या अखेरीस व पुण्यासह ३८ शहरांत २०१३ च्या मार्चअखेर, असा तो क्रम ठरविला होता. त्यामुळे प्रत्येक घरात कोणती वाहिनी जाते याची नोंद होऊ लागली. आणि ही नोंद होऊ लागल्यावरच वाहिनीवार किंमत लावणे शक्य झाले.

ती किंमत लावण्याचे काम ट्राय या नावाने परिचित असलेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केले व फेब्रुवारी २०१९ पासून ते अमलात आले. त्या वेळी असे ठरले, की तारेचे भाडे म्हणून पहिल्या १०० वाहिन्यांस महिना १३० रुपयांहून अधिक घेऊ नयेत. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १५३ रुपये ४० पैसे होतात. ज्या वाहिन्या सशुल्क आहेत, त्यांची छापील किंमत निराळी द्यावयाची. पुढे २०२० साली त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या द्याव्या, असे झाले. वाहिन्यांच्या गठ्ठ्यात, म्हणजे ज्यास लोक पॅक म्हणतात त्यात, जी वाहिनी घालावयाची तिची सुटी किंमत १९ रुपयांहून अधिक नसावी, असा नियम आरंभी होता. मध्यंतरी ही मर्यादा १२ रुपयांवर आणली, ती २०२३ च्या फेब्रुवारीपासून पुनः १९ वर गेली. जुलै २०२४ मध्ये मात्र तारेच्या भाड्यावरील १३० रुपयांची मर्यादा ट्रायने उठविली आहे. तेव्हा आपला चालक आज काय भाडे लावतो, हे बिल मागून पाहिले पाहिजे. ते मागण्याचा संकोच पुष्कळांस का वाटतो, हे आम्हांस न सुटलेले कोडे आहे.

समजा, एका घरात भाड्याचे १३० व वाहिन्यांचे १७० असे ३०० रुपये होतात. त्यावर १८ टक्के कर ५४ रुपये. महिना ३५४, वर्षास ४,२४८ रुपये. हा आकडा कागदाच्या डाव्या बाजूस लिहून ठेवावा.

येथे कराची एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. वाहिन्यांच्या व घरगुती ब्रॉडबँडच्या जाहिरातीत जी किंमत असते, तिच्यावर कर निराळा असतो. मोबाईलच्या रिचार्जची व ओटीटीची किंमत बहुधा करासह सांगितलेली असते. त्यामुळे ३९९ चे ब्रॉडबँड आणि ३९९ चा रिचार्ज या सारख्या रकमा नव्हेत. पहिली प्रत्यक्षात ४७० रुपये ८२ पैसे आहे.

आता उजव्या बाजूचा हिशेब मांडण्यापूर्वी, इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रास स्वतंत्र खर्च का येतो, हे समजून घेऊ. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस यात रस वाटेल.

डीटीएचचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो व पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने आपणांस स्थिर भासतो. म्हणूनच आपल्या इमारतींवरील सर्व छत्र्या दक्षिणेच्या बाजूस तोंड करून बसलेल्या दिसतात. आणि म्हणूनच ज्या सदनिकेची गॅलरी उत्तरेस आहे, तेथे छत्री बसत नाही, तिला गच्चीच गाठावी लागते व त्याकरिता सोसायटीची परवानगी लागते. त्या उपग्रहाने एकदा चित्र सोडले, की ते एका घराने पाहिले काय अथवा एक कोटी घरांनी पाहिले काय, सोडणाऱ्याचा खर्च तेवढाच. पाऊस पडावा आणि प्रत्येकाने आपली घागर भरून घ्यावी, तसे हे आहे. (खराखुरा पाऊस मात्र त्या लहरी शोषून घेतो. आषाढात जोराची सर आली की पडदा थिजतो, तो याच कारणाने.)

स्ट्रीमिंगची रीत याच्या उलट आहे. तेथे प्रत्येक पाहणाऱ्यासाठी चित्राची निराळी प्रत निराळ्या वेळी धाडावी लागते. एकाच मजल्यावरील चार घरांत एकच चित्रपट चालू असेल, तर तारेतून चार प्रती येतात. एकाच घरात बहीण-भावाने दोन मोबाईलवर तो पाहिला तर दोन येतात. ही घागर प्रत्येकाकरिता विहिरीवरून आणावी लागते, आणि पाणक्याची मजुरी म्हणजेच डेटा. नेटफ्लिक्सच्या सांगण्याप्रमाणे मध्यम प्रतीच्या चित्रास तासाला सुमारे ०.७ जीबी, उत्तम प्रतीच्या चित्रास ३ जीबीपर्यंत, व मोठ्या पडद्यावरील अत्युच्च प्रतीच्या चित्रास ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. म्हणजे ओटीटीचा खर्च दोन ठिकाणी भरावयाचा आहे. एक चित्राच्या मालकास, दुसरा वाटेच्या मालकास. "ओटीटी स्वस्त पडते" असे म्हणणारा यांतील पहिलाच आकडा सांगतो.

आता तीन घरांचा हिशेब करू. घरे काल्पनिक आहेत, परंतु अशी घरे आपल्या प्रत्येक इमारतीत आहेत.

पहिल्या घरी आई किंवा वडील हिंजवडीच्या कंपनीचे काम घरून करतात, म्हणून ब्रॉडबँड पूर्वीपासूनच आहे व ते काढावयाचा प्रश्न नाही. या घरास वाटेचा खर्च ओटीटीच्या नावे टाकण्याचे कारण नाही. त्यांनी केबल सोडून केवळ जिओहॉटस्टारची 'सुपर' वर्गणी वर्षास ८९९ रुपयांस घेतली, तर ४,२४८ मधून ८९९ वजा जाता ३,३४९ रुपये वाचले. मुलांचे म्हणणे खरे ठरले! परंतु एका वर्गणीवर थांबलेले घर आमच्या पाहण्यात क्वचितच आले आहे. मोठ्या भावास नेटफ्लिक्स हवे असते : मूळ श्रेणीचे महिना १९९, वर्षास २,३८८. आईस प्राइम हवे असते : वर्षास १,४९९, त्यात सामान घरपोच मागविण्याची सवलतही येते, म्हणून तो सर्वच खर्च करमणुकीचा नव्हे, हे कबूल. तिन्ही मिळून ४,७८६ होतात. केबलपेक्षा ५३८ रुपये अधिक. म्हणजे दुसऱ्या वर्गणीपर्यंत बचत, तिसरीस बचत संपली.

दुसऱ्या घरी ब्रॉडबँड नाही. मोबाईलवर सर्वांचे काम भागते. या घराने केबल तोडून टीव्हीवर ओटीटी पाहावयाचे ठरविले, तर प्रथम तार घ्यावी लागेल. २०२० साली जिओने ३० एमबीपीएस वेगाची ३९९ रुपयांची योजना आणली; करासह ती ४७० रुपये ८२ पैशांस पडते हे आपण वर पाहिलेच. वर्षास सुमारे ५,६५० रुपये झाले. त्यात एकच वर्गणी ८९९ ची मिळविली तरी ६,५४९. केबलपेक्षा २,३०१ अधिक. तिन्ही वर्गण्या घेतल्या तर १०,४३६. केबलच्या जवळजवळ अडीचपट. शिवाय टीव्ही जुना असेल तर त्यास इंटरनेटशी जोडणारी काडी काही हजार रुपयांस घ्यावी लागते, ती निराळीच. या घरातील मुलाने पहिल्या घरातील मित्राचे ऐकून वडिलांपाशी हट्ट धरला, तर मित्र खोटे बोलला असे नव्हे. परंतु मित्राच्या घरी जी वाट कंपनीच्या कामाकरिता आधीच बांधलेली आहे, ती याच्या घरी नव्याने बांधावी लागणार आहे. उलटपक्षी, तीच तार मुलांच्या अभ्यासास व मोठ्यांच्या कामासही उपयोगी पडणार असेल, तर तिचा सर्व भार टीव्हीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. किती भार कशावर टाकावयाचा, हे त्या घरानेच ठरवावे. परंतु ठरवावे मात्र लिहून.

तिसरे घर म्हणजे घर नव्हे, चाकणजवळची एक खोली. चार तरुण कामगार तीत राहतात. दोन पहिल्या पाळीचे, एक दुसरीचा, एक रात्रपाळीचा. टीव्ही नाही, आणि असता तरी जेव्हा एक पाहील तेव्हा दुसरा झोपलेला असणार. यांच्याकरिता ठरावीक वेळी ठरावीक कार्यक्रम ही रीतच निरुपयोगी आहे. मोबाईलवरील ओटीटीचा सर्वांत मोठा लाभ कोणास झाला असेल, तर तो अशा पाळीवाल्यांस. रिचार्ज त्यांना गावी बोलण्याकरिता करावाच लागतो. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज २३९ वरून २९९ रुपये झाला. येथे विद्यार्थ्यांस एक उदाहरण : २८ दिवसांचा 'महिना' वर्षात किती वेळा येतो? १२ नव्हे, १३ वेळा. म्हणून वर्षाचा खर्च ३,५८८ नसून ३,८८७ रुपये आहे. २८ हा आकडा ज्याने निवडला, त्यास भागाकार उत्तम येत असला पाहिजे. त्यावर जिओहॉटस्टारची मोबाईलपुरती वर्गणी वर्षास ४९९. दीड जीबीत मध्यम प्रतीचे चित्र दोन तासांहून थोडे अधिक चालते. साडेतीन तासांचा क्रिकेटचा सामना मात्र पुरा होत नाही, कारण त्यास सुमारे अडीच जीबी लागतात. अमर्याद ५जी मिळावयाचे तर त्याच दरवाढीपासून रोज २ जीबी किंवा त्याहून मोठाच रिचार्ज घ्यावा लागतो.

आणखी एक वाट आहे, तिचे नाव शहरात फारसे कोणी घेत नाही. ती म्हणजे सरकारी डीडी फ्री डिश. ही सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. छत्री व पेटी एकदा विकत घेतली की मासिक वर्गणी काहीच नाही. मोठ्या मराठी वाहिन्यांच्या नव्या मालिका तीवर पाहावयास मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. परंतु सह्याद्री व बातम्या यांवर ज्यांचे भागते, त्या वृद्ध जोडप्यास तिच्याइतके स्वस्त दुसरे साधन नाही.

मराठी घरांस लागू पडणारी एक गोष्ट अमेरिकेच्या हिशेबात मुळीच येत नाही, ती अशी. आपल्या आजींस झी मराठीवरील एक मालिका हवी असते, स्टार प्रवाहवरील दुसरी, सोनी मराठीवरील हास्याचा कार्यक्रम, आणि कधी कलर्स मराठी. केबलवर या चारही वाहिन्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात. प्रत्येकीस कमाल १९ रुपये धरले तरी चार मिळून ७६, करासह महिना ८९ रुपये ६८ पैसे. एकत्रित पॅकमध्ये त्याहूनही कमी. ओटीटीवर मात्र त्या तीन निरनिराळ्या मालकांच्या घरी राहतात : झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनीलिव्हवर, स्टार प्रवाह व कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर. एका आजीकरिता तीन वर्गण्या! शिवाय आजींस वाहिनीचा क्रमांक पाठ असतो. रिमोटवर तीन अंक दाबले की त्यांचे काम झाले. ओटीटीत प्रवेश करून, आपले नाव निवडून, मालिका शोधून, कालचा भाग की आजचा हे पाहून ती लावणे त्यांना जमत नाही असे नव्हे, परंतु त्याकरिता शाळेतून नातू येण्याची वाट पाहावी लागते. केबल तोडल्याने घरातील कोणाची सोय जाते, हा आकडा वहीत मांडता येत नाही; तरी तो प्रश्न विचारल्यावाचून निर्णय घेऊ नये, असे आमचे मत आहे.

२०२० च्या टाळेबंदीत याच भेदाचा आपणांस निराळ्या प्रकारे अनुभव आला. वर्ग मोबाईलवर भरू लागले, तेव्हा ज्यांच्या घरी एकच मोबाईल व दीड जीबी डेटा होता, त्यांतील धाकट्या भावंडांचा तास बुडू लागला. त्या वर्षीच्या जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांकरिता 'टिलीमिली' ही मालिका दाखविण्यात आली. तिला डेटा लागत नव्हता, आणि एका पडद्यासमोर घरातील सर्व मुले बसू शकत होती. पाऊस सर्वांवर सारखा पडतो व विहिरीचे पाणी दोरीच्या लांबीप्रमाणे मिळते, हा वर सांगितलेला भेद तेव्हा शिक्षणासही लागू पडला.

तथापि पैशाच्या बाबतीत केबलची बाजू घेऊन बसण्याचेही कारण नाही. लोक ती सोडीत आहेत हे उघड आहे. ट्रायच्या आकड्यांप्रमाणे डीटीएचचे चालू ग्राहक मार्च २०२४ मध्ये सुमारे ६ कोटी २० लक्ष होते. मार्च २०२५ मध्ये ते सुमारे ५ कोटी ७० लक्ष राहिले. जी व्यक्ती महिन्यातून चार चित्रपट पाहते आणि वाहिन्या कधी लावीतच नाही, तिने दोनशे वाहिन्यांचे भाडे का भरावे? तिच्याकरिता ओटीटी निःसंशय योग्य आहे.

मात्र ओटीटीचे आजचे दर उद्याही राहतील, या भरवशावर मोठे निर्णय करू नयेत. प्राइमची वर्गणी डिसेंबर २०१६ मध्ये वर्षास ४९९ रुपये होती. पुढे ती ९९९ झाली, व डिसेंबर २०२१ मध्ये १,४९९. जून २०२५ पासून तीत जाहिराती येऊ लागल्या आणि जाहिराती नकोत तर वर्षास आणखी ६९९ भरा, असे सांगण्यात आले. आयपीएलची कथा याहून बोधप्रद आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या इंटरनेटवरील हक्कांस २३,७५८ कोटी रुपये मोजले गेले. तरी २०२३ साली जिओसिनेमावर सर्व सामने फुकट दाखविले. पुष्कळ घरांतून केबल त्याच उन्हाळ्यात निघाली असावी. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओसिनेमा व हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झाले, आणि सामना पुरता पाहावयाचा तर वर्गणी, असे ठरले. न्यायाकरिता हेही सांगितले पाहिजे, की नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये आपले दर उतरविले. मूळ श्रेणी ४९९ वरून १९९ वर आली. म्हणजे दर चढतातच असे नाही. परंतु वाहिन्यांच्या गठ्ठ्याच्या किमतीवर ट्रायची जी देखरेख आहे, तशी ओटीटीच्या दरांवर नाही.

मग खर्च आवरावयाचा कसा? ओटीटीत एक सोय अशी आहे, जी केबलच्या काळात कोणास सुचली नसती. ती म्हणजे पाळीपाळीने वर्गणी घेणे. नेटफ्लिक्स बारा महिने ठेवण्याऐवजी दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीचे मिळून चार महिने ठेवले तर २,३८८ ऐवजी ७९६ रुपये लागतात. ज्यास केवळ आयपीएल पाहावयाची आहे, त्याने जिओहॉटस्टारची तीन महिन्यांची २९९ ची वर्गणी घ्यावी. हंगाम तेवढ्यात संपतो. तीच तीन-तीन महिन्यांची वर्गणी वर्षभर चालू ठेवली तर मात्र १,१९६ होतात व ८९९ ची वार्षिक वर्गणी बरी पडते. परीक्षेच्या महिन्यांत सर्वच बंद ठेवण्याची सूचना पालक करतीलच, ती आम्ही करीत नाही.

पाळीपाळीने घेण्याचा हा बेत बहुधा फसतो तो एका कारणाने. डीटीएचचा रिचार्ज संपला की पडदा काळा होतो व पुनः पैसे भरावयाचे की नाही, याचा विचार करण्याची संधी मिळते. ओटीटीची वर्गणी बहुधा ऑटोपेवर असते. ती आपोआप पुढे चालू राहते आणि पडदा काही सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम खात्यातून जाण्यापूर्वी किमान २४ तास आधी खातेदारास संदेश आला पाहिजे, व तो येतोही. परंतु १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेस पुनः सांकेतिक क्रमांक विचारला जात नाही, आणि तो संदेश इतर पन्नास संदेशांत बुडून जातो. दर वाढल्याची सूचना ईमेलने येते. आणि खाते नववी-दहावीतील चिरंजीवांनी उघडून दिलेले असल्याने ती त्यांच्याच ईमेलवर जाते. वडील पैसे भरतात व सूचना मुलास मिळते, अशी ही व्यवस्था आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनी एखाद्या रविवारी आई-वडिलांच्या शेजारी बसून त्यांच्या यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' हे सदर उघडावे. तेथे चालू असलेल्या सर्व वर्गण्यांची यादी, रक्कम व पुढील तारीख दिसते. एका कागदावर ती उतरून घ्यावी. तीन महिन्यांच्या रकमेस चाराने, मासिक रकमेस बाराने व २८ दिवसांच्या रकमेस तेराने गुणावे. केबलचे अथवा डीटीएचचे वर्षाचे बिल शेजारी लिहावे. आणि प्रत्येक वर्गणीसमोर घरातील जो कोणी ती गेल्या महिन्यात खरोखर पाहत होता, त्याचे नाव घालावे. ज्या ओळीसमोर कोणाचेच नाव येत नाही, ती वर्गणी त्याच सदरात 'रद्द करा' या बटणाने बंद होते. बहुतेक सेवांत भरलेली मुदत संपेपर्यंत चित्र चालू राहते, म्हणून मुदतीच्या अखेरच्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही.